तिच्या ताकदीवर कुणाचं घर चालतं?

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीच्या ताकदीचं म्हणून जे भाषण जगभर उद्धृत केलं जातं, ते आज आपण वाचतो तसं बहुधा कधी झालंच नव्हतं. १८५१ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी स्त्रीहक्क परिषद भरली होती. गुलामीतून सुटलेली सोजर्नर ट्रूथ तिथं बोलली. महिन्याभरात एका गुलामीविरोधी वर्तमानपत्रात त्या भाषणाचा वृत्तांत छापून आला. त्यात ती म्हणते, माझ्या अंगात कुठल्याही पुरुषाइतकं बळ आहे, मी नांगरलंय, कापणी केलीय, लाकडं फोडलीत. बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, फ्रान्सिस गेज या गोऱ्या लेखिकेनं तेच भाषण आठवून पुन्हा लिहिलं. त्यात 'मी बाई नाही का?' हे पालुपद आलं. तेरा मुलं आली. ट्रूथला पाच होती. दक्षिणेकडच्या गुलामांची बोली आली. ट्रूथ न्यूयॉर्क राज्यात वाढलेली आणि तिची पहिली भाषा डच. पहिल्या वृत्तांतात नसलेलं आणखी एक वाक्यही आलं: चाबकाचे फटकेसुद्धा मी पुरुषाइतकेच सोसू शकते.

हे वाक्य मला फार बोचतं. गेज गुलामीच्या विरोधात होती, ट्रूथबद्दल तिला मनापासून आदर होता. तरी त्या आदराला शब्द द्यायची वेळ आली तेव्हा तिला सुचलं ते हे, की ही बाई मार खाऊ शकते. नांगर धरणं हे काम आहे. त्याची मजुरी मागता येते, त्याच्या बळावर हक्क सांगता येतो. मार सोसणं हे काम नव्हे. ते एकदा कौतुकाच्या यादीत शिरलं की मारणारा हात नजरेआड होतो आणि समोर उरते ती फक्त पाठ. पुढची शंभर-दीडशे वर्षं अमेरिकन कथा-कादंबऱ्यांनी काळ्या स्त्रीच्या ताकदीची जी वाखाणणी केली, तिच्यातला मोठा भाग याच जातीचा आहे. ही वाखाणणी दडपणुकीच्या आड कधी आली नाही, उलट तिच्या कामी आली, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच गेल्या शतकातल्या काळ्या लेखिकांनी 'खंबीर नायिका' उभ्या केल्या म्हणून त्यांची पाठ थोपटणं मला अपुरं वाटतं. त्या खंबीरपणाची किंमत कुणी मोजली आणि त्यावर कुणाची घरं चालली, याचा हिशेब त्यांनी मागितला. तो हिशेब आपण वाचक बहुतेक वेळा वाचतच नाही.

आधी त्या घरांकडे पाहू. मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' १९३६ साली आली, दुसऱ्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. त्यातली मॅमी, म्हणजे गोऱ्या मालकांची मुलं सांभाळणारी काळी गुलाम दाई, धिप्पाड, करारी, मालकिणीच्या पोरीला, स्कार्लेटला, दटावणारी, सगळ्या घराला धाकात ठेवणारी. यादवी युद्ध संपतं, गुलामी संपते, तरी ती तिथंच. हजारभर पानांच्या या कादंबरीत तिला 'मॅमी' याखेरीज नाव नाही. स्वतःचं मूल नाही, स्वतःची रात्र नाही. शेवटच्या पानांत सगळं गमावलेल्या स्कार्लेटला आठवण होते ती तिच्या रुंद छातीची, लहानपणी जिच्यावर डोकं टेकवलं होतं त्या छातीची. ती छाती कधी दुखत असेल, असा प्रश्न पुस्तकाला पडत नाही.

विल्यम फॉकनर हा मिचेलपेक्षा कितीतरी मोठा लेखक, म्हणून त्याचं उदाहरण जास्त महत्त्वाचं. 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) मध्ये कॉम्प्सन हे गोरं घराणं सडत चाललंय आणि ते कसंबसं उभं आहे ते डिल्सी नावाच्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीच्या जिवावर. ईस्टरच्या दिवशी सकाळी वरून मालकीण हाका मारते, हातात गरम पाण्याची रिकामी पिशवी धरून. खाली डिल्सीला चूल पेटवायचीय, न्याहारी करायचीय, आणि तरी ती एकेक पायरी चढत वर येते. हे जिने चढणं फॉकनरनं असं लिहिलंय की आपले गुडघे दुखावेत. पण कादंबरीची रचना बघा. चार भाग. पहिले तीन भाग तीन भावांच्या तोंडचे. बोलता न येणाऱ्या बेंजीलासुद्धा स्वतःचा 'मी' मिळतो. चौथा भाग डिल्सीचा म्हणून ओळखला जातो, आणि तो मात्र बाहेरून, तृतीयपुरुषी सांगितलेला. तिचा चेहरा दिसतो, पावसात भिजलेले कपडे दिसतात, चर्चमध्ये गालांवरून ओघळणारं पाणी दिसतं. आतलं काही कळत नाही. पुढे १९४६ साली फॉकनरनं जोडलेल्या परिशिष्टात घराण्यातल्या एकेकाची हकिगत आहे, आणि डिल्सीच्या नावाखाली एवढंच: ते टिकून राहिले. समीक्षकांनी हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मानवंदना म्हणून वाचलं. मलाही त्यात आदर दिसतो. पण ज्या बाईच्या अंगावर अख्खी कादंबरी उभी आहे तिच्या मनात उतरायची पाळी आली की इतका थोर लेखक दारातच थांबतो, हेही दिसतं.

हे केवळ साहित्यातलं नव्हतं. १९२३ साली फेब्रुवारीत अमेरिकन सिनेटनं राजधानी वॉशिंग्टनमध्ये 'दक्षिणेतल्या इमानी मॅमीं'चं स्मारक उभारायला मंजुरी दिली. काळ्या संघटनांनी आणि वर्तमानपत्रांनी कडाडून विरोध केला, पुढे ते बारगळलं. पण त्याच सिनेटमध्ये जेमतेम दोन-तीन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९२२ मध्ये, झुंडीनं केलेल्या हत्यांविरुद्धचं डायर विधेयक दक्षिणेतल्या सदस्यांनी भाषणांवर भाषणं ठोकून हाणून पाडलं होतं. जिच्या मुलाला झाडाला लटकवलं तर कायदा करायचा नाही, तिचा पुतळा मात्र बसवायचा! १९४० साली 'गॉन विथ द विंड'च्या सिनेमातल्या मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, हा सन्मान मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. त्या रात्री तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

आणि ही ताकद नकोशी झाली की तीच दोष म्हणून माथी मारता येते. १९६५ साली कामगार खात्याचे सहायक सचिव डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा अहवाल आला. काळ्या कुटुंबांच्या दुरवस्थेचं एक मोठं कारण त्यात सांगितलं होतं ते तिथल्या मातृसत्तेचं. म्हणजे नवऱ्याला काम मिळू द्यायचं नाही, बाईनं दुसऱ्याच्या घरी भांडी घासून संसार ओढायचा, आणि मग म्हणायचं की हिनं संसार ओढला म्हणून घर बिघडलं. चुलीपाशी असली तर पुतळा, स्वतःच्या उंबऱ्यात असली तर आरोपी.

या सगळ्याला मिळालेलं सर्वांत जळजळीत उत्तर मला टोनी मॉरिसनच्या पहिल्या कादंबरीतल्या एका स्वयंपाकघरात सापडतं. 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) घडते ओहायोतल्या लोरेन गावात. पॉलिन ब्रीडलव्ह ही फिशर नावाच्या गोऱ्या कुटुंबात कामाला आहे. तिची अकरा वर्षांची मुलगी पेकोला धुण्याचे कपडे घ्यायला त्या घरी येते, तिच्या दोन मैत्रिणीही तिला शोधत तिथं येतात. ओट्यावर नुकताच भट्टीतून काढलेला बेरींचा गोड पदार्थ निवत ठेवलाय. पेकोलाचा हात लागतो, भांडं खाली पडतं, उकळता रस तिच्या पायांवर उडतो. मुलगी भाजलीय. पॉलिन धावत येते आणि पोटच्या पोरीला थोबाडीत मारून खाली पाडते. त्या सांडलेल्या रसात. उठवून पुन्हा मारते. तिच्या तोंडी एकच: माझी फरशी, माझी फरशी. मग ती वळते गुलाबी फ्रॉक घातलेल्या, रडू लागलेल्या गोऱ्या मुलीकडे आणि तिला कुशीत घेऊन चुचकारते. ती चिमुरडी विचारते, या कोण होत्या, पॉली? पॉलिन सांगत नाही की त्यातली एक माझी मुलगी. ती म्हणते, तू नको काळजी करू, मी दुसरं करते हं.

मॅमीच्या छातीचं जे चित्र स्कार्लेटच्या बाजूनं हजार पानं रंगवलं गेलं, ते इथं दोन-तीन पानांत उलट बाजूनं दिसतं, भाजलेल्या पायांच्या उंचीवरून. गोरी मुलगी तिला 'पॉली' म्हणते. पोटची मुलं तिला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणतात. फिशर मंडळी तिचं तोंडभरून कौतुक करतात: अशी बाई शोधून सापडणार नाही, सगळं लखलखीत झाल्याशिवाय ही स्वयंपाकघरातून हलत नाही. मॉरिसननं पॉलिनला राक्षसीण केलेलं नाही, हे विशेष. तिचं तरुणपण, लंगडा पाय, सिनेमाच्या अंधारात पाहिलेली गोऱ्या संसारांची स्वप्नं, सगळं आपल्याला कळतं, काही ठिकाणी तर तिच्याच तोंडून. तिला नीटनेटकेपणाची आवड आहे, आणि रचून ठेवण्याजोग्या वस्तू आयुष्यात फक्त फिशरांच्या फडताळात आहेत. तिची सगळी माया, सगळी शिस्त, सगळी ताकद त्या घरानं विकत घेतलीय. पेकोलाच्या वाट्याला उरलासुरला चिडका हात येतो. पुढे तिचा बाप तिच्यावर बलात्कार करतो आणि ती निळ्या डोळ्यांच्या ध्यासात वेडी होते, तेव्हा तिला सावरायला कुणी नसतं. ताकद होती, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला कामाला गेली होती.

हे ओझं कसं सरकत येतं ते मॉरिसनच्या आधी झोरा नील हर्स्टननं सांगून ठेवलं होतं. 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) मधली आजी नातीला समजावते: गोरा माणूस ओझं खाली टाकतो आणि काळ्या पुरुषाला म्हणतो, उचल. तो उचलतो, कारण उचलावंच लागतं, पण वाहत नाही, आपल्या बायकांच्या डोक्यावर देतो. आजीच्या लेखी काळी बाई म्हणजे जगाचं खेचर. आजी स्वतः गुलामीत मालकाच्या वासनेला बळी पडलेली, आठवड्याचं पोर घेऊन जंगलात पळालेली. नात जेनीनं तरी गोऱ्या बाईसारखं ओसरीवर बसावं एवढीच तिची इच्छा. जेनीला ती ओसरी मिळतेही. दुसरा नवरा गावाचा मेयर, दुकानाचा मालक. आणि तो तिला केस फडक्यात बांधून ठेवायला लावतो, गावगप्पांत तोंड उघडू देत नाही. तो मेल्यावर ती डोक्याची सगळी फडकी जाळून टाकते, आणि आपण मनातल्या मनात आजीचा द्वेष करत आलो हे तिला उमगतं. हे कबूल करायला लेखिकेला किती धैर्य लागलं असेल! सोसलेल्या आजीबद्दल कृतज्ञता ठेवायची हा संकेत; हर्स्टन म्हणते, सोसलेल्यांचं प्रेमही गळ्याला दोरी लावू शकतं.

रिचर्ड राइटसारख्या मोठ्या काळ्या लेखकानं तेव्हा लिहिलं होतं की या कादंबरीला ना विषय, ना संदेश. बाईला हसायचंय, झाडाखाली आळसावून पडायचंय, मनाजोगत्या माणसाबरोबर शेतात राबायचंय, हा त्याला विषय वाटला नाही. हर्स्टनच्या नशिबी पुढे काय आलं ते सर्वांना माहीत आहे, तरी सांगते: १९५० मध्ये ती मायामीत घरकाम करत होती, १९६० मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स इथं गरिबांसाठीच्या आश्रयस्थानात वारली, खूणही नसलेल्या जागी पुरली गेली. १९७३ साली ॲलिस वॉकरनं गवतातून वाट काढत ती जागा शोधली आणि तिथं दगड बसवला.

ॲन पेट्रीच्या 'द स्ट्रीट' (१९४६) बद्दल थोडक्यात. लुटी जॉन्सन हार्लेममधल्या ११६ व्या रस्त्यावर राहते. बेंजामिन फ्रँकलिनसारखं काटकसर आणि कष्ट केले की माणूस वर येतो, यावर तिचा विश्वास. ती हुशार आहे, राबणारी आहे, कुणापुढे न वाकणारी आहे, आणि तरी शेवटी हातून खून होऊन मुलाला मागं टाकून शिकागोच्या गाडीत बसते. पेट्रीनं मुद्दाम सगळ्यांत खंबीर बाई निवडली. हिच्यात काही कमी होतं म्हणून हिचं असं झालं, असं म्हणायला तिनं वाचकाला जागाच ठेवली नाही. कनेक्टिकटमध्ये ही दुसऱ्याच्या मुलाला वाढवत होती तेव्हा हिचा स्वतःचा संसार मोडला. पुन्हा तेच गणित.

या मांदियाळीत माझं सर्वांत आवडतं पुस्तक मात्र गाजलेलं नाही. ग्वेंडोलिन ब्रुक्स कवयित्री म्हणून प्रसिद्ध, १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी पहिली काळी लेखक. तिची एकुलती एक प्रौढांसाठीची कादंबरी 'मॉड मार्था' (१९५३). छोटी छोटी प्रकरणं, शिकागोतली एक साधी, सावळ्याहून काळी, जराशी लाजरी बाई. ती कुणाला वाचवत नाही, कुणाचा खून करत नाही, भाषण देत नाही. एका प्रकरणात ती लहानग्या पॉलेटला दुकानातल्या सांताक्लॉजकडे घेऊन जाते. गोऱ्या मुलांना जवळ घेऊन खिदळणारा तो माणूस पॉलेटची पाळी आली की भलतीकडेच बघत राहतो. पोरगी विचारते, आई, त्याला मी का आवडले नाही? मॉड मार्था सांगते, असं काही नाही गं, आवडलीस की. आणि मनात येतं, पर्समधली कात्री काढावी आणि त्याच्या त्या चुकवणाऱ्या डोळ्यात खुपसावी. ती तसं करत नाही, आणि 'केवढा संयम' असं म्हणून आपण टाळ्या वाजवाव्यात असंही ब्रुक्स लिहीत नाही. तिला दिसतात ते गिळलेल्या रागाचे तुकडे, जे आत कुठे तरी पडून राहतात. रोज असा राग गिळणाऱ्या बाईला समाज शांत म्हणतो, सोशिक म्हणतो. हे पुस्तक आल्यावर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. वाचकांना एक तर मॅमी हवी होती, नाही तर वीरांगना. रागावलेली साधी बाई त्यांच्या कुठल्याच खणात बसत नव्हती.

ॲलिस वॉकरची 'द कलर पर्पल' (१९८२) प्रचंड गाजली, आणि बदनामही झाली. काळ्या पुरुषांना क्रूर दाखवून वॉकरनं गोऱ्यांच्या हातात कोलीत दिलं, असा आरोप झाला. १९८५ मध्ये सिनेमा आला तेव्हा निदर्शनंही झाली. तो आरोप करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. काळा पुरुष म्हणजे पशू, हे सांगूनच तिथं झुंडींनी माणसं मारली होती. पण घराबाहेरच्या शत्रूला कळेल म्हणून घरातली मारहाण बोलायची नाही, ही अट नेहमी बाईवरच येते, आणि तिनं ती पाळली की तिला 'खंबीर' ही पदवी मिळते. वॉकरनं ती पदवी नाकारली. शिवाय तिनं बायकांनाही मोकळं सोडलेलं नाही. सोफिया ही कादंबरीतली सर्वांत दांडगी बाई, नवऱ्याला उलट ठोकणारी. तिला कसं वठणीवर आणू, असं नवरा विचारतो, तेव्हा स्वतः रोज मार खाणारी सेली त्याला सांगते, हिला मार. पुढे सोफिया मेयरच्या बायकोला 'तुझ्याकडे मोलकरीण म्हणून मुळीच येणार नाही' असं तोंडावर सांगते. तिला झोडपून तुरुंगात घालतात आणि अखेर त्याच घरी मोलकरीण म्हणून राबवतात. पाच वर्षांनी नाताळला मुलांना भेटायला सोडतात, तर मालकिणीला गाडी मागं घेता येत नाही, अनोळखी काळ्या माणसानं घरी सोडलेलं चालत नाही, म्हणून सोफियाला पंधरा मिनिटांत परत निघावं लागतं. ताकदवान बाईचं काय करतात ते या पंधरा मिनिटांत आहे.

आता 'बिलव्हेड'. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीहून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीत आली. पकडणारे दारात पोचले तेव्हा तिनं आपल्या छोट्या मुलीचा गळा चिरला, पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून. तिला मालकाच्या हवाली केलं गेलं. दोन वर्षांनी ती तापानं मेली. गुलामीविरोधकांनी तिची वीरमाता केली. मॉरिसननं १९८७ च्या कादंबरीत त्या बातमीवरून सेथ उभी केली आणि वीरमातेला जो प्रश्न कुणी विचारला नव्हता तो विचारला: त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले?

एक संवाद जवळून पाहण्यासारखा आहे. पोटात मूल असताना सेथला मालकाच्या पुतण्यांनी दाबून धरलं, एकानं तिच्या स्तनांतलं दूध ओरपलं, मास्तर म्हणवणारा मालक बाजूला बसून वहीत टिपत राहिला. तिनं मालकिणीकडे तक्रार केली म्हणून नंतर चाबकानं पाठ फोडली. अठरा वर्षांनी तिच्याबरोबर त्याच मळ्यावर गुलाम असलेला पॉल डी भेटतो, तिच्या पाठीवरचे वळ झाडाच्या आकाराचे झालेत. तो हादरून विचारतो, तुला चाबकानं मारलं? ती म्हणते, आणि माझं दूध घेतलं. तो पुन्हा म्हणतो, गरोदर असताना मारलं? ती म्हणते, आणि माझं दूध घेतलं! प्रेम करणारा माणूससुद्धा पाठच पाहतोय. तिला सांगायचंय ते सोसल्याचं नाही, हिरावल्याचं. ॲक्रनच्या भाषणात घुसडलेल्या चाबकाच्या वाक्याला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

आणि कादंबरी कुठं संपत जाते? सेथ अंथरुणाला खिळलीय, सासूच्या पलंगावर, रंगीबेरंगी गोधडीखाली. तिला काहीच करायचं नाहीये. ती म्हणते, त्या मास्तरची शाई मीच करून दिली होती, मी केली नसती तर त्याला लिहिता आलं नसतं. तिचे कष्टच तिच्याविरुद्ध वापरले गेले, हे एवढ्या साध्या वाक्यात. पॉल डी म्हणतो, दिवसा तुझी मुलगी डेनव्हर बघेल तुझ्याकडे, रात्री मी असेन, थांब, पाणी तापवतो. ती विचारते, पाय चोळशील? हे वाचून 'सेथ शेवटी हरली' असं म्हणणारे वाचक मला भेटलेत. मला वाटतं, हयातभर दुसऱ्यांसाठी पाणी तापवणाऱ्या बाईसाठी कुणी तरी पाणी तापवतंय, हाच त्या पुस्तकातला न्याय आहे. त्याच्या आधी तीस बायका गात गात तिच्या दारात येतात, शेजारणी नावं लिहिलेल्या ताटांत अन्न ठेवून जातात. तिला सावरणारी ताकद अशी वाटून घेतलेली आहे. एकटीच्या पाठीवरची नाही.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि तो मानी माणसांकडून येतो. ताकदीची गोष्टच काढून घेतली तर या स्त्रिया नुसत्या बिचाऱ्या उरणार नाहीत का? आपल्या आज्या-पणज्या तगल्या म्हणून आपण आहोत, असं काळ्या स्त्रिया स्वतः अभिमानानं सांगतात, ते खोटं का? खोटं अजिबात नाही. नातीनं आजीचा अभिमान बाळगणं आणि मालकानं मोलकरणीच्या ताकदीचं कौतुक करणं, यांत फरक आहे. नातीचा अभिमान पुढचं ओझं कमी करायला बळ देतो. मालकाचं कौतुक तेच ओझं तिथंच ठेवायला सबब पुरवतं. कॅथरिन स्टॉकेट या गोऱ्या लेखिकेची, काळ्या मोलकरणींवरची 'द हेल्प' (२००९) लाखांनी खपली, तेव्हा काळ्या स्त्री-इतिहासकारांच्या संघटनेनं २०११ मध्ये जाहीर पत्र काढून मॅमी नव्या साडीत परत आल्याचं सांगितलं, ते याच कारणानं. मोलकरणींचं धैर्य कादंबरीत होतं, पण त्या घरांत त्यांना सोसावी लागणारी लैंगिक छळवणूक आणि त्यांची स्वतःची चळवळ नव्हती.

सबब म्हटलं ते उगीच नाही. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात डॉ. मॅरियन सिम्स यांनी अनार्का, लुसी, बेट्सी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. एकट्या अनार्कावर तीस. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्यांचा पुतळा हलायला एप्रिल २०१८ उजाडलं. काळ्या शरीराला कमी दुखतं हा समज त्याहून चिवट निघाला. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांनी काळ्यांच्या शरीराबद्दलचा कुठला ना कुठला खोटा समज खरा मानला. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ काळ्या माता दगावल्या, गोऱ्या १४.५. या आकड्यांमागे विमा, गरिबी, दवाखान्यांचं अंतर अशी पुष्कळ कारणं आहेत. पण 'हिला चालतं, ही खंबीर आहे' हे खाटेपाशीही म्हटलं जातं, आणि ते तिथं गोष्टींतून पोचलंय.

मराठी वाचकाला या गोष्टी परक्या वाटू नयेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि १९७२ मध्ये दलित पँथरनं नाव घेतलं ते तिथल्या काळ्या पँथरांकडून. हा दुवा आपण बहुतेक पुरुषांच्या विद्रोहाच्या भाषेत जपला. बेबी कांबळ्यांनी फलटणमध्ये नवऱ्याच्या नजरेआड लिहिलं आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' मध्ये वस्तीबाहेरच्या अन्यायाइतकाच सासुरवाशिणीवरचा घरातला जाच आला. त्या पुस्तकाचीही आपण 'केवढं सोसलं हो' म्हणून बोळवण केली. इंग्रजीच्या वर्गात मॉरिसन आणि वॉकर शिकवल्या जातात तेव्हा हीच सवय सोबत येते: नायिका खंबीर, संकटं अमुक, विजय तमुक.

अमेरिकेत सध्या हा वाद शाळांच्या ग्रंथालयांत चाललाय. मॅमीच्या हसऱ्या चेहऱ्याचं 'आंट जेमायमा' हे पॅनकेकचं पीठ १८८९ पासून तिथल्या स्वयंपाकघरांत होतं. ते नाव मागं घेत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं जून २०२० मध्ये. एवढी वर्षं त्या चेहऱ्यानं कुणा मुलाच्या मनावर परिणाम होईल अशी काळजी फारशी कुणाला वाटली नाही. 'द ब्लूएस्ट आय' मात्र अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत आहे. व्हर्जिनियात २०२१ ची गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना एका उमेदवारानं 'बिलव्हेड' वर आक्षेप घेणाऱ्या आईला घेऊन जाहिरात केली, आणि तो निवडून आला. मुलांना त्रास होतो हे पालकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ही पुस्तकं त्रास देतातच, आणि ती सोबतीनं, शिक्षकाशी बोलत वाचायची पुस्तकं आहेत. पण ती उचलली की शेल्फवर उरतं ते स्कार्लेटचं स्वयंपाकघर, फिशरांचं कौतुक, आणि पेकोला नाही. मिसुरीतल्या वेंट्झव्हिलच्या शाळा मंडळानं जानेवारी २०२२ मध्ये 'द ब्लूएस्ट आय' ग्रंथालयांतून काढायचं ठरवलं. विद्यार्थ्यांच्या वतीनं खटला दाखल झाला, आणि पुढच्याच महिन्यात मंडळाला तो निर्णय फिरवावा लागला.